करिमुन्निसाचा जुम्मा

न्हावा शेवा बंदरातल्या क्रेनवर एकतीस वर्षं काढून सुलेमान मुकादम निवृत्त झाले. साहेबांनी शाल दिली, बरोबरच्यांनी भिंतीवरचं घड्याळ दिलं, आणि घरी त्यांच्या बायकोनं, करिमुन्निसानं, त्यांच्या आवडीचा कोळंबीचा पुलाव केला. आपलं काय गेलं ते तिला त्या दिवशी कळलं नाही. त्यासाठी शुक्रवार उजाडावा लागला.

शुक्रवार म्हणजे जुम्मा. आठवड्याचा मोठा दिवस, पण खारघरमध्ये त्याला कोण विचारतो? शाळा चालू, बँका चालू, समोरच्या टॉवरचं काँक्रीट चालू. मुलगा मुझम्मिल बंदराजवळच्या मालवाहतुकीच्या ऑफिसात, सून समरा बेलापूरच्या बँकेत, नात इक्रा शाळेत. सुलेमान शुक्रवारी बंदरातच नमाज पढून तिथंच जेवायचे. म्हणजे अकराच्या पुढे दहाव्या मजल्यावरच्या त्या घरात करिमुन्निसा एकटी.

ती आंघोळ करायची. पांढरी ओढणी घ्यायची, कानामागे अत्तराचं बोट लावायची. आपली नमाज पढून झाली की कुराणातली जुम्म्याला वाचतात ती सूरह कहफ वाचायची, सावकाश, बोट ठेवून. आणि मग काही म्हणजे काहीच करायची नाही. गॅलरीत खाली बसून पाय लांब सोडायचे, भिंतीला पाठ टेकायची. खाली रस्त्यावर हॉर्न वाजत असायचे, पण ते तिच्यासाठी नसायचे. आठवड्यातले बाकीचे सगळे तास ती कुणाची तरी आई होती, सासू होती, दादी होती, बायको होती. त्या दोन तासांत तिला कुणी हाक मारत नसे. हे सुख तिनं कधी कुणाला सांगितलं नव्हतं. सुख सांगितलं की वाटेकरी येतात, एवढं तिला कळत होतं.

आणि वाटेकरी न सांगताच आला. निवृत्तीनंतरच्या पहिल्याच शुक्रवारी सुलेमान सेक्टरातल्या मशिदीत गेले आणि येताना दोन माणसं जेवायला घेऊन आले. एकतीस वर्षं जुम्म्याचं जेवण कँटीनमध्ये गेलं, आता अल्लानं सवड दिली आहे, तर चार माणसांना खाऊ घालू, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. विचार वाईट नव्हता. फक्त खाऊ घालणार सुलेमान, आणि रांधणार करिमुन्निसा.

दोनाचे चार झाले, चाराचे सात. कधी बंदरातले जुने दोस्त, कधी नमाजेला आलेले परमुलखातले ट्रक ड्रायव्हर, कधी नुसतेच नमाजेच्या सफेत, म्हणजे रांगेत, शेजारी बसलेले कुणी. पहिल्या दिवशी पाहुणा, दुसऱ्या दिवशी पै, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई, असं म्हणतात. पण सुलेमानचा पाहुणा दर शुक्रवारी नवा, त्यामुळे प्रत्येक जण पहिल्याच दिवसाचा. शिवाय किती येणार हे नमाज सुटेपर्यंत खुद्द सुलेमानलाही ठाऊक नसायचं. एकदा तिनं आठ माणसांचं केलं आणि आले तेरा. बाहेर चपलांची अशी रांग लागली की समोरच्या दारातल्या सुनीती जोशींनी हळूच विचारलं, तुमच्याकडे दर शुक्रवारी साखरपुडा असतो का?

करिमुन्निसा पहाटेपासून उभी. मटण शिजतंय, तांदळाच्या भाकऱ्या पडताहेत, सोलकढी गाळायची आहे. सूरह कहफ तिनं घाईघाईनं पहाटे उरकली, मग दोन आठवडे रात्रीवर ढकलली, आणि एका शुक्रवारी ती राहूनच गेली. त्या दिवशी भांडी आवरताना तिला रडू आलं. रडायचं तर स्वयंपाकघरात सुद्धा पाहुण्यांची ये-जा होती, म्हणून तिनं चिरायला कांदा घेतला.

तिनं नवऱ्याला सांगून पाहिलं. जुम्म्याला जीव दमतो, असं म्हणाली. सुलेमान प्रेमळ माणूस, लगेच विरघळले. म्हणाले, मी भाज्या चिरून देतो. आणि पुढच्या शुक्रवारी खरंच आले, ओट्याशी उभे राहिले, आणि बंदरातल्या गोष्टी सांगत दीड तासात सहा टोमॅटो चिरले. मुलगा म्हणाला, अम्मी, टेन्शन कशाला घेतेस, मदतीला बाई ठेवू. सून म्हणाली, मी लवकर उठून मसाला वाटून ठेवत जाईन. सगळ्यांनी मदत देऊ केली. म्हणजे स्वयंपाकघरात अजून एक माणूस, अजून एक आवाज. कामानं करिमुन्निसा कधीच दमली नव्हती. उरणकडच्या खाडीकाठी वाढलेली बाई ती, कामाला घाबरणारी नव्हे. तिला नको होती ती बडबड आणि हाका. पण मला शांतता पाहिजे, हे साठीच्या बाईनं नवऱ्याला कोणत्या तोंडानं सांगायचं? त्याचा अर्थ तो असाच घेणार, की मी नकोसा झालो.

वाट दाखवली ती बाराव्या मजल्यावरच्या भोपाळच्या बाईंनी. लिफ्टमध्ये भेटल्या, आणि बोलता बोलता म्हणाल्या की त्या आपल्या घरातच एका कोपऱ्याला पडदा लावून एतेकाफला बसतात. एतेकाफ म्हणजे दुनियेपासून बाजूला होऊन इबादतीत, अल्लाच्या उपासनेत, बसणं. रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत बसायची रीत आहे, पण एरवीही कुणी नियत केली तर थोड्या वेळासाठी बसू शकतं. बसलेल्या माणसाला कुणी कामाला उठवत नाही. लिफ्ट दहाव्यावर थांबली तरी करिमुन्निसा उतरली नाही. बाराव्यापर्यंत वर गेली, सगळं नीट विचारून घेतलं आणि जिन्यानं खाली आली.

गुरुवारी रात्री जेवणं झाल्यावर तिनं घरात सांगितलं की उद्या सकाळी अकरापासून तिसऱ्या प्रहरच्या असरच्या नमाजेपर्यंत ती एतेकाफला बसणार. एका दमात सांगून टाकलं. सुलेमान खूश झाले. नेक काम आहे, म्हणाले. उद्याच्या मटणाचा या नेक कामाशी काही संबंध आहे हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही.

शुक्रवारी तिनं आपल्या खोलीच्या कोपऱ्यात दोरी बांधून जुनी चादर टाकली, पलीकडे जानमाज, नमाजेचं आसन, अंथरलं आणि बसली. पावणेदोनला दार उघडलं. सुलेमान आणि पाच पाहुणे. जेवायला बसायचा दस्तरखान अंथरला गेला, हात धुतले गेले, आणि मग सुलेमान स्वयंपाकघरात गेले. तिथं ओटा स्वच्छ पुसलेला होता.

पुढचा पाऊण तास करिमुन्निसानं चादरीआड बसून ऐकला. भांडी एकावर एक आदळली. फ्रिज चार वेळा उघडला. मुझम्मिलला फोन गेला, बिर्याणीचे डबे मागवले गेले. ते येईपर्यंत पाहुण्यांना आमलेट द्यायचं ठरलं, आणि सुलेमान चादरीबाहेर येऊन उभे राहिले. एतेकाफच्या माणसाला उठवायचं नाही, हे त्यांना पक्कं माहीत होतं. म्हणून ते भिंतीशी बोलले.

"तिखटाचा डबा कुठं असतो, ते कुनी सांगितलं असतं तर बरं झालं असतं."

करिमुन्निसानं डोळे कुराणावरच ठेवले. सुलेमान परत गेले, परत आले. मीठ म्हणून सापडलं ती साखर निघाली. गॅस पेटत नाही. पाहुण्यांतले एक जण कोकमाचं सरबत विचारताहेत. पडद्याआड बसून तिला घरातली एकूण एक हालचाल कळत होती, आणि सूरह कहफच्या एकाच ओळीवर तिचं बोट वीस मिनिटं थांबलं होतं. उठली नाही ती, हे खरं. पण हाती आली ती नुसती लपण्याची जागा, शांतता नव्हे. त्या दिवशी तिला वाटलं, हे काही आपल्या नशिबात नाही.

सुलेमान मात्र हादरले होते. एरवी फुटाच्या अंतरात चाळीस टनांचा कंटेनर बसवणारा माणूस, त्याला पाच पाहुण्यांसमोर जळकं आमलेट ठेवावं लागलं. बायकोला इबादत करू नको म्हणायची सोय नाही. चार दिवस विचार करून त्यांनी त्यावर तोड काढली. ते मशिदीच्या इमामसाहेबांकडे गेले.

इमामसाहेब तरुण, श्रीवर्धनकडचे, अभ्यासू. कोकणातले मुसलमान शाफई मताचे. भोपाळच्या बाई हनफी. दोन्हीकडे दीन, म्हणजे धर्म, एकच, पण काही बारीकसारीक गोष्टींत फरक. सुलेमानला हे अंधुक आठवत होतं, आणि इमामांनी ते पक्कं करून दिलं. सुलेमान इतके आनंदले की त्यांनी इमामांना पुढच्या जुम्म्याच्या जेवणाचं तिथंच आवतण दिलं. करिमुन्निसाला एवढंच सांगितलं की इमामसाहेब स्वतः येणार आहेत, तेव्हा या खेपेला एतेकाफ नको, पुढचं पुढं बघू. इमाम जेवायला येणार म्हटल्यावर ती काय बोलणार? तिनं भाकऱ्या थापल्या.

त्या शुक्रवारी आठ माणसं होती. मटण वाढून झालं, पहिले चार घास झाले, तसे सुलेमान खाकरले. मोठ्यानं, म्हणजे स्वयंपाकघरापर्यंत ऐकू जाईल असे, त्यांनी इमामांना विचारलं की बाईमाणसाच्या एतेकाफबद्दल आपल्या शाफई मतात काय आहे ते जरा समजावून सांगा.

इमामांना त्यातली मेख माहीत नव्हती. त्यांनी सरळपणे सांगितलं की हनफी मताप्रमाणे बाई घरातल्या नमाजेच्या जागी बसू शकते. आपल्याकडे मात्र घरातला एतेकाफ धरला जात नाही. एतेकाफ मशिदीतच व्हायला हवा, पुरुषाचा असो की बाईचा.

सुलेमानचा चेहरा उजळला. "ऐकलंस का गो?" त्यांनी आत हाक दिली. "घरात चालत नाय. मशिदीतच व्हावा लागतो."

करिमुन्निसा स्वयंपाकघराच्या दाराशी उभी होती, हातात भाकऱ्यांची टोपली. आठ दिवसांपूर्वी चादरीआड जे बुडालं होतं ते आता पुरतं गाळात गेलं, असं क्षणभर तिला वाटलं. मग इमामांचं शेवटचं वाक्य तिच्या मनात पुन्हा उमटलं. पुरुषाचा असो की बाईचा. तिनं टोपली खाली ठेवली, ओढणी सारखी केली आणि दोन पावलं पुढे आली. परक्या पुरुषांच्या बैठकीत ती आजवर बोलली नव्हती.

"इमामसाहेब, मशिदीत बायकांची जागा हाय ना?"

"आहे ना चाची. वरचा अख्खा मजला आहे. रमजानमध्ये रात्रीच्या तरावीहच्या नमाजेला उघडतो. बाकी अकरा महिने बंदच असतो. चावी माझ्याकडेच असते."

"मग मी तिथं बसन. दर जुम्म्याला. अकरा ते असर."

कुणाच्या तरी हातातला घास हातातच राहिला. इमाम मनापासून खूश झाले. ते म्हणाले, फार चांगलं, जागा वापरात येईल. फक्त एक अट आहे. बाईच्या एतेकाफला नवऱ्याची इजाजत लागते. आणि त्यांनी सुलेमानकडे पाहिलं.

आठही जणांनी सुलेमानकडे पाहिलं. ज्या बाईच्या हातचं पोटभर खात होते, ती बाई अल्लाच्या घरी जायला मागते आहे, आणि नवरा काय म्हणतो? सुलेमान पाणी प्यायले. टोपी काढली, परत घातली. आपणच खणलेल्या खड्ड्याच्या काठावर उभं राहून आत डोकावून पाहावं, तसे ते थोडा वेळ ताटात बघत राहिले. मग म्हणाले, "इजाजत हाय. हाय म्हनजे काय, आनंदानं हाय."

आत येऊन करिमुन्निसानं ओट्याची कड दोन्ही हातांनी धरली. तिला हसू आवरेना. इमामांच्या जेवणासाठी रजा घेतलेली समरा मागून आली, तिला वाटलं, अम्मी रडताहेत. तिनं पाठीवर हात ठेवला, तर सासू तोंडावर ओढणी दाबून हसत होती.

पुढच्या शुक्रवारी अकरा वाजता करिमुन्निसा मशिदीचा मागचा जिना चढली. इमामांनी आदल्या दिवशी मजला झाडून ठेवला होता. कुलूप उघडलं तेव्हा आतून थंड, बंद हवेचा वास आला. हिरव्या चटया, पांढऱ्या भिंती, जाळीच्या खिडक्या. एका खांबाजवळ तिनं आपलं जानमाज टाकलं आणि बसली. पहिली दहा मिनिटं तिचे कान हाकेची वाट बघत राहिले. सवयच तशी. हाक आली नाही. मग हळूहळू खांदे खाली आले, जबडा सैल झाला, आणि आपण इतके महिने दात आवळून होतो हे तिला तेव्हा कळलं.

तिनं सूरह कहफ सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचली, एकाही ओळीवर न अडखळता. खाली खुतबा, म्हणजे जुम्म्याचं प्रवचन, झाला, सफा लागल्या, शेकडो माणसं एकदम झुकल्याचा आवाज जमिनीतून वर आला, आणि खालच्या जमातीबरोबर तिनंही नमाज पढली. मग सगळे पांगले. बाहेर हमरस्त्यावर गाड्या पळत होत्या, मेट्रो गेली, कुणीतरी रिक्षावाल्याशी भांडत होतं. सगळं शहर आपापल्या घाईत होतं आणि या मजल्यावर एक बाई पाय लांब सोडून खांबाला टेकून बसली होती. तिला इतका आनंद झाला की तिनं मोठ्यानं अल्लाचे आभार मानले. आवाज भिंतींवरून फिरून परत आला, तो सुद्धा तिला आवडला.

त्या दिवशी घरी सहा पाहुण्यांनी खिचडी खाल्ली, तीही तळाला लागलेली. पुढच्या शुक्रवारी चौघांनी मुगाची आमटी आणि पाव. सुलेमाननं पाहुणे आणणं सोडलं नाही, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. त्यांना माणसांची हौस खरी होती. सोडली ती बढाई. आता ते गुरुवारी रात्री बायकोजवळ बसून विचारू लागले, वाटण किती घ्यायचं, तांदळाचं पीठ उकडायचं कसं. तिनं सांगितलं सगळं. वाटण मात्र एकदाही करून दिलं नाही. करून द्यावंसं वाटायचं, हात शिवशिवायचे, पण ती आवरायची. एकदा करून दिलं की पुढचा शुक्रवार गेला, हे तिला पुरतं माहीत होतं.

चौथ्या शुक्रवारी वरच्या मजल्याच्या दाराशी तिला आधीच दोन जोड चपला दिसल्या. वाटेकरी आलेच, आता गप्पा सुरू होणार. आत एका खांबाशी सेक्टरातल्या मदरशात शिकवणाऱ्या आपा बसल्या होत्या, आणि दुसऱ्या खांबाशी समरा, बँकेतून अर्धी रजा टाकून आलेली. दोघींनी मान वर केली, हलकेच सलाम केला, आणि मान परत खाली घातली. कुणीही एक शब्द बोललं नाही. करिमुन्निसा आपल्या खांबाशी गेली. पोरगी कधीपासून दमली होती, हे आपल्याला कसं दिसलं नाही, एवढंच तिच्या मनात आलं.

दोन वाजून गेले असतील. नमाज सुटून बराच वेळ झाला होता. जिन्यावर पावलं वाजली. उजवा पाय जरा घासत येणारी ती चाल तिनं छत्तीस वर्षं ऐकली होती. सुलेमान. म्हणजे घरी काहीतरी बिनसलं. गॅस संपला असेल, पाहुणे जास्त आले असतील, काहीतरी सापडत नसेल. आता हाक येणार. उठायचं नाही असं ठरवून ती बसली, आणि तरीही उठण्यासाठी तिचे पाय आपोआप जवळ घेतले गेले. समरानंही डोळे उघडले होते.

पावलं दाराबाहेर थांबली. काहीतरी जमिनीवर टेकल्याचा बारीक आवाज झाला. मग थोडा वेळ काहीच नाही. आणि मग तीच पावलं खाली जाऊ लागली, पण वेगळी, एकेक पायरी जपून, घासणारा पाय उचलून ठेवत, कुणाची झोप मोडू नये म्हणून माणूस चालतो तशी.

ती दाराशी गेली. उंबऱ्याबाहेर तीन पुडांचा डबा होता, फडक्यात बांधलेला, अजून कढत. आत मटण होतं, भात होता, आणि तांदळाच्या तीन भाकऱ्या होत्या. एक जाड, एक तुटलेली, एक कडेला कच्ची. पण भाकऱ्या होत्या. घड्याळात सव्वादोन झाले होते. म्हणजे घरी दस्तरखानावर पाहुणे हात धुऊन बसले असणार, आणि यजमान त्यांना ताटकळत ठेवून आधी इथं आला होता. आणि आला तसा एक हाक न मारता गेला होता.

करिमुन्निसानं खिडकीच्या जाळीतून खाली पाहिलं. सुलेमान पिठानं माखलेल्या बाह्यांनी घाईघाईनं रस्ता ओलांडत होते. तिला त्यांचा फार अभिमान वाटला, आणि त्याहून जास्त स्वतःचा.

तिनं समराला आणि आपांना खुणेनं बोलावलं. तिघी डब्याभोवती बसल्या. मटणात मीठ जरा जास्त पडलं होतं. तिघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि सगळा डबा संपवला.